चार मिलिमीटरांतला चतुर

तळ्याकाठच्या काटकीवर बसलेल्या लालभडक चतुराचा फोटो घरी आणून संगणकावर मोठा केला की बहुतेक नवशिक्या छायाचित्रकारांना एकच गोष्ट खटकते. डोळे सुरेख उमटलेले असतात, पण शेपटीकडे जाता जाता सगळे धूसर होते. कधी पंखांची जाळी रेखीव येते आणि तोंडच पुसट राहते. मग लेन्सला दोष दिला जातो आणि जास्त किमतीच्या लेन्सची चौकशी सुरू होते. खरा दोष बहुतेक वेळा भूमितीचा असतो. ती भूमिती आणि चतुराचा दिनक्रम या दोन गोष्टी कळल्या, तर हाताशी असलेल्या कॅमेऱ्यातूनच फोटो सुधारतात.

आधी आकडे पाहू. आपल्याकडच्या तळ्यांवर सहज दिसणारा लाल चतुर म्हणजे स्कार्लेट स्किमर, शास्त्रीय नाव क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. त्याची लांबी साधारण चार ते साडेचार सेंटीमीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर त्याची प्रतिमा निम्म्या आकाराची पडली, तर तो चौकटीत ऐसपैस मावतो. पण एवढ्या जवळून, एफ/११ अ‍ॅपर्चरला, सुस्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार मिलिमीटर जाडीचा असतो. छायाचित्रकार यालाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. चतुराची लांबी ४३ मिलिमीटर धरली आणि तो सेन्सरच्या प्रतलाशी फक्त पाच-सहा अंशांनी कलला, तरी डोके आणि शेपटीचे टोक यांच्या अंतरात चार मिलिमीटरांचा फरक पडतो. शेपूट पट्ट्याबाहेर गेलीच म्हणून समजा. तीस सेंटीमीटरवरून फोटो काढताना हे पाच अंश म्हणजे कॅमेरा जेमतेम तीन सेंटीमीटर इकडचा तिकडे. ज्या फोटोत चतुर नखशिखांत स्पष्ट दिसतो, त्यामागे ही तीन सेंटीमीटरांची दुरुस्ती असते.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर आणखी लहान करणे. एफ/२२ वर नेले की पट्टा दुप्पट होतो हे खरे. पण प्रतिमा निम्म्या आकाराची असताना परिणामी अ‍ॅपर्चर दीडपट आकड्याचे होते, म्हणजे एफ/३३. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाशाचे विवर्तन इतके वाढते की प्रत्येक बिंदूची सेन्सरवर साधारण ४४ मायक्रॉन व्यासाची चकती होते. पंखांवरच्या शिरा, डोळ्यांवरचे कण, पायांवरचे काटे सगळेच थोडे मऊ पडते. डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखा मऊ असलेला फोटो हाती येतो. एफ/८ ते एफ/१६ ही फुल फ्रेमसाठी कामाची मर्यादा. त्यापलीकडचे काम कोन जुळवण्याने करायचे.

म्हणून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: या चतुराचे कोणते प्रतल आपल्याला हवे आहे? बाजूने काढलेल्या फोटोत डोळा, छातीची बाजू आणि उदर, म्हणजे ज्याला आपण शेपटी म्हणतो, एका रेषेत येतात. मात्र जवळचे पंख कॅमेऱ्याकडे आणि पलीकडचे दूर जातात, ते धूसर होणारच. वरून काढलेल्या फोटोत पंख आणि उदर दोन्ही मिळतात, पण चेहरा हरवतो. समोरून फक्त चेहरा. तिन्ही एकाच फोटोत मिळवण्याच्या हव्यासात तिरका कोन घेतला जातो आणि तिथेच फोटो बिघडतो.

कोणता कोन निवडायचा हे त्या जातीने ठरवावे. पाइड पॅडी स्किमरच्या नराच्या पंखांवर गडद आणि दुधी पट्टे असतात, कॉमन पिक्चरविंगच्या पंखांवर पिवळ्या-काळ्या नक्षीचा पसारा असतो. यांचे वैभव पंखांत आहे, त्यामुळे त्यांचा फोटो वरून किंवा पाठीमागून, पंखांच्या प्रतलाला समांतर राहून काढावा. ग्रीन मार्श हॉकच्या हिरवट-काळ्या पट्ट्यांच्या छातीची आणि मध्येच बारीक होणाऱ्या उदराची ठेवण बाजूनेच कळते. एक अडचण मात्र ध्यानात ठेवायला हवी. स्किमर कुळातले पुष्कळ चतुर बसले की काही क्षणांत पंख पुढे आणि खाली झुकवतात. मग पंख आणि उदर एका प्रतलात राहत नाहीत. बसल्या बसल्या, पंख सपाट असतानाचा पहिला क्षण टिपता आला तर उत्तम. नाहीतर पंखांचा नाद सोडून बाजूने जावे.

टाचण्यांचे गणित सोपे आहे. चतुराच्या या नाजूक भाऊबंदांपैकी बहुतेक जणी बसताना पंख पाठीवर मिटून घेतात. शरीर काडीसारखे बारीक, पंख मिटलेले. बाजूने काढलेला फोटो जवळजवळ पूर्णच त्या चार मिलिमीटरांत बसतो. भातशेताच्या बांधावर दिसणारी पिवळी यलो वॅक्सटेल ही सरावासाठी फार चांगली, कारण ती गवतात खाली बसते आणि उडाली तरी फार लांब जात नाही. समोरून पाहिले तर टाचणीचे दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकाच प्रतलात असतात. या चेहऱ्याचा फोटो चतुराच्या चेहऱ्याहून सहज साधतो.

आता अंतर. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स निम्म्या आकाराची प्रतिमा देताना चतुरापासून सुमारे तीस सेंटीमीटरवर येते. साठ मिलिमीटरची लेन्स त्याहूनही जवळ. बिचकणाऱ्या कीटकासाठी हे अंतर कमीच. म्हणून चतुरांचे फोटो काढणाऱ्या अनेकांची पसंती लांब लेन्सला असते. ३०० मिलिमीटरच्या टेलिफोटोमागे एक्स्टेन्शन ट्यूब बसवली की ती आणखी जवळचे फोकस करू लागते आणि तरीही मीटरभर अंतर राखता येते. कमी खर्चाचाही एक मार्ग आहे, आणि त्याची शिफारस मोकळेपणाने करावीशी वाटते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या २५० मिलिमीटरपर्यंतच्या साध्या झूम लेन्सवर दोन डायॉप्टरची चांगली, दुहेरी काचेची क्लोज-अप लेन्स फिरवून बसवावी. फोकस अनंतावर ठेवला की कीटक बरोबर अर्ध्या मीटरवर स्पष्ट दिसतो आणि प्रतिमा निम्म्या आकाराची मिळते. मॅक्रो लेन्सपेक्षा वीस सेंटीमीटर जास्त अंतर, तेही बऱ्याच कमी पैशांत. कडांची स्पष्टता थोडी कमी असेल, पण चतुर उडून जाण्यापेक्षा ते बरे.

दुसरा मार्ग तर फुकटचा आहे: मागे सरकणे. प्रतिमा पाव आकाराची झाली की पट्टा चारऐवजी तेरा मिलिमीटरांचा होतो. नंतर फोटो कापून मोठा केल्यावर त्यातला निम्मा लाभ निघून जातो आणि विवर्तनाचा मऊपणाही वाढून दिसतो. तरी कोनाच्या चुकीला थोडी सवलत मिळते आणि चतुरही जागेवर राहतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली तरी सहा मेगापिक्सेल उरतात. मासिकात दहा इंच रुंद छापायला एवढे पुरते.

आणि चतुर जागेवर राहणे हीच मोठी गोष्ट आहे. मोठ्या चतुरांच्या एकेका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास सूक्ष्म भिंगे असतात. माणसाला सेकंदाला साठेक वेळा लुकलुकणारा दिवा अखंड पेटलेला वाटतो, चतुराचा डोळा मात्र दोनशेच्या आसपास लुकलुकीही वेगवेगळ्या टिपतो. शिकारीवर झेपावलेला चतुर दहांतल्या नऊहून अधिक वेळा शिकार पकडतो, असे प्रयोगांत दिसले आहे. अशा प्राण्याजवळ जाताना आवाजापेक्षा हालचाल महत्त्वाची ठरते. उभा माणूस आकाशाच्या उजेडावर काळ्या आकृतीसारखा उठून दिसतो. तोच गुडघ्यांवर बसून सरकला तर झाडोऱ्यात मिसळतो. हात वर-खाली करणे, कॅमेरा झटक्यात डोळ्याला लावणे या चुका टाळल्या की निम्मे काम झाले. कॅमेरा आधीच डोळ्याला लावून सरळ रेषेत, अतिशय संथ पुढे जावे, आडवे सरकू नये. आपली सावली त्याच्यावर पडली की तो गेलाच.

तो गेला तरी निराश होऊ नये. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फिलिप कॉर्बेट यांनी चतुरांची बसणारे आणि उडत राहणारे अशी ढोबळ विभागणी केली. बसणारे चतुर, म्हणजे आपल्या तळ्यांवरचे बहुतेक स्किमर, एका ठरावीक काटकीवरून भोवतालावर नजर ठेवतात, शिकारीला किंवा प्रतिस्पर्धी नराला हुसकायला उडतात आणि पुष्कळदा त्याच काटकीवर परततात. त्यामुळे पाठलाग करण्यापेक्षा त्याच्या काटकीजवळ बसून राहणे फलदायी. त्याला आपल्या बसण्याची सवय झाली की दर फेरीनंतर हातभर पुढे सरकता येते. अनुभवी छायाचित्रकार आणखी एक गोष्ट करतात. काठाच्या चिखलात एक वाळकी काडी आपल्याला हव्या त्या जागी रोवतात. जागा मोक्याची असेल तर नर ती काडी आपलीशी करतो. उजेड कुठून यावा आणि मागे काय दिसावे, हे मग छायाचित्रकाराच्या हाती येते.

मागे काय दिसते याकडे फार कमी जण पाहतात, आणि ते खटकते. काडीच्या मागे हातभर अंतरावर गवत असेल तर पार्श्वभूमीत पात्यांच्या रेघा उमटतात आणि पंखांची पारदर्शक जाळी त्यांत हरवून जाते. तीच पार्श्वभूमी तीन-चार मीटर मागे असेल तर एकसलग हिरवा रंग मिळतो. कॅमेरा चतुराच्या पातळीवर खाली आणला की सहसा हे आपोआप साधते. ग्राउंड स्किमरसारखे जमिनीवर बसणारे चतुर टिपायचे तर पोटावर झोपण्याची तयारी हवी.

वेळेच्या बाबतीत निसर्गाने मोठी सवलत दिली आहे. रात्रभर गारठलेल्या चतुराला सकाळी लगेच उडता येत नाही. उडण्याचे स्नायू पुरेसे तापावे लागतात. काही जाती ऊन घेतात, तर मोठे चतुर पंख थरथरवून स्नायूंना ऊब आणतात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दव पडणाऱ्या सकाळी, उजाडल्यापासून ऊन गवतापर्यंत पोचेपर्यंतचा वेळ हा मॅक्रो छायाचित्रणाचा सर्वांत मोलाचा वेळ. पंखांवर, डोळ्यांवर दवाचे थेंब असतात आणि चतुर निश्चल असतो. यलो-टेल्ड अ‍ॅशी स्किमर या जातीचे चतुर तर झुडपाच्या वाळक्या काटक्यांवर ओळीने, घोळक्याने मुक्काम करतात. आदल्या संध्याकाळी ती जागा हेरून ठेवली की सकाळी शोधाशोध करावी लागत नाही.

याच वेळी ट्रायपॉड उपयोगी पडतो आणि याच वेळी फोकस स्टॅकिंग जमते. फोकस थोडा थोडा सरकवत दहा-वीस फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकावर जोडायचा. हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर ही सॉफ्टवेअर हे काम करतात, काही कॅमेरे स्वतःच करतात. चार मिलिमीटरांची अडचण यामुळे सुटते. अट एकच, मधल्या काळात काहीही हलता कामा नये. वाऱ्याने काडी सेकंदाला दहा सेंटीमीटर या वेगाने हलत असेल, तर १/२५० सेकंदातही चतुर ०.४ मिलिमीटर सरकतो. १/१००० सेकंदाला हे सरकणे ०.१ मिलिमीटरवर येते. म्हणून हातात कॅमेरा असताना आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत वाढवायला कचरू नये. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही. काडीशेजारी दुसरी जाड काठी रोवून कपड्यांच्या चिमट्याने दोन्ही अलगद जोडल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

दुपारच्या उन्हात चतुर जास्त दिसतात, पण उजेड कठोर असतो. त्या वेळी काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभारून बसतात. अंगावर पडणारे ऊन कमी करण्याची ही त्यांची रीत. हे दृश्य टिपण्याजोगे आहेच, शिवाय बाजूने पाहता सगळे शरीर एका उभ्या प्रतलात येते. कडक उन्हात सोबत्याला पांढरी छत्री धरायला सांगावे किंवा फ्लॅशवर मोठा, चतुराच्या अगदी जवळ येणारा डिफ्यूझर लावावा. पंख तेलकट चमकत असतील तर उजेडाचा कोन थोडा बदलावा.

लाल चतुरांसाठी एक वेगळी सूचना. स्कार्लेट स्किमरच्या फोटोत एकंदर उजेड बरोबर दिसतो, पण उदरावरच्या खाचा, कडा गायब होऊन नुसता लाल डाग उरतो. कॅमेऱ्याचा सर्वसाधारण हिस्टोग्राम तिन्ही रंगांची सरासरी दाखवतो आणि लाल रंगाची पातळी मात्र केव्हाच माथ्याला टेकलेली असते. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम पाहून उजेड अर्ध्या ते एका स्टॉपने कमी करावा आणि फोटो रॉ स्वरूपात काढावा. क्रिमझन मार्श ग्लायडरच्या नराचा जांभळट गुलाबी रंग या दुरुस्तीशिवाय हाती येत नाही. ज्या चतुरांच्या अंगावर निळसर-पांढरी भुकटी असते, त्यांच्याबाबतही हेच पथ्य.

उडत्या चतुराच्या फोटोची हौस सगळ्यांनाच असते. चतुराचे पंख सेकंदाला साधारण तीस वेळा हलतात. चार सेंटीमीटरच्या पंखाचे टोक या हिशेबाने सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने जाते. १/२००० सेकंदातही ते जवळजवळ तीन मिलिमीटर कापते. स्टीफन डाल्टन या ब्रिटिश छायाचित्रकाराने १९७० च्या दशकात खास यंत्रणा बनवून घेतली. कीटकाने प्रकाशकिरण ओलांडला की सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढा फ्लॅश चमकायचा. १९७५ साली त्यांचे ‘बोर्न ऑन द विंड’ हे पुस्तक आले आणि उडत्या कीटकांच्या छायाचित्रणाला नवे मापदंड मिळाले. आजचे साधे फ्लॅशही शक्ती सोळाव्या भागावर आणली की सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास चमकतात. तरी सुरुवात उन्हात, १/२५०० सेकंदाने, एका जागी तरंगणाऱ्या चतुरापासून करावी. फोकस त्याच्या तरंगण्याच्या जागेवर आधीच जुळवून ठेवावा. पंखांची टोके थोडी हललेली आली तर बिघडत नाही, डोळा मात्र स्पष्ट हवा.

पावसाळ्याच्या अखेरीस मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की हे चतुर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढच्या पिढ्या परततात. पूर्ण फेरी १४,००० ते १८,००० किलोमीटरांची. ते क्वचित बसतात, पण बसले की फांदीला उभे लोंबकळतात. कॅमेरा सरळ उभ्या प्रतलात धरला की पूर्ण चतुर स्पष्ट मिळतो.

एका गोष्टीला मात्र स्पष्ट विरोध केला पाहिजे. स्थिर फोटोसाठी चतुर पकडून फ्रीजमध्ये गारठवणे, काडीला चिकटवणे, पाण्याचे फवारे मारून खोटे दव आणणे असे प्रकार काही जण करतात. नुकत्याच कात टाकून बाहेर आलेल्या चतुराचे पंख तर इतके कोवळे असतात की बोट लागले तरी कायमचे वाकतात. असा चतुर दिसला तर लांबूनच फोटो घ्यावा. कोकणातल्या सड्यांवरच्या उथळ डबक्यांत पाय घालून केलेली घाई अळ्यांच्या जिवावर बेतते. जिवाला इजा करून मिळवलेला फोटो कितीही देखणा असला तरी तो वाईटच.

चांगल्या फोटोला आणखी एक अर्थ आहे. ब्रिटिश काळात लष्करी डॉक्टर फ्रेडरिक फ्रेझर यांनी भारतीय चतुरांवरचे तीन खंड लिहिले, ते १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. एवढ्या अभ्यासानंतरही महाराष्ट्रात नव्या जाती सापडत आहेत. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी आणि २०२० मध्ये कोकण किनारपट्टीवरून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर विज्ञानाला नव्याने सांगितला. हा दुसरा, घरांच्या भिंतींवर आणि दगडांवर दिसणाऱ्या राखाडी ग्रॅनाइट घोस्टचा सख्खा नातलग. असा फरक एका देखण्या तिरक्या फोटोवरून कळत नाही. त्यासाठी छातीची बाजू, वरून दिसणारे उदर, शेपटीच्या टोकाची उपांगे आणि पंखाच्या टोकाजवळचा रंगीत ठिपका हे सगळे स्पष्ट दिसावे लागते. उडताना पंखाचे फडफडणे आवरणारा हा ठिपका ग्रॅनाइट घोस्टमध्ये मध्यभागी काळसर आणि दोन्ही टोकांना पांढरा असतो.

तेव्हा मनासारखा एक फोटो मिळाल्यावर लगेच उठू नका. त्याच चतुराचे बाजूने, वरून आणि शेपटीच्या टोकाचे असे आणखी तीन फोटो घ्या, त्यांवर तारीख आणि गावाचे नाव टाका आणि ते आयनॅचरलिस्ट किंवा ओडोनाटा ऑफ इंडिया यांसारख्या खुल्या नोंदवहीत जमा करा.